किल्ल्या माझ्याकडे असतात

मी मॅडम नव्हे, आधीच सांगते.
फळ्यावरचं अर्धं मलाही कळत नाही.
पण सतरा वर्षं फोंड्याच्या ह्या लॅबच्या
किल्ल्या माझ्या कमरेला आहेत,
आणि संध्याकाळी कोण शिट्टी वाजवत उठतं,
कोण डोळे पुसत,
हे माझ्याइतकं कुठल्याच हजेरीपटाला ठाऊक नाही.

बसा. तिसऱ्या रांगेतला पंखा तेवढा चालतो.

लाल अक्षरं दिसली की खिडकी मिटू नका.
दरवर्षी बघते, न वाचताच फोटो काढतात,
मित्राला पाठवतात,
मित्रही न वाचता हात जोडून मोकळा होतो.
अरे, शिवी नव्हे ती, पत्ता आहे.
सत्तेचाळिसावी ओळ, उघडा राहिलेला कंस.
आमच्या पोस्टमनने एवढ्यावर घर शोधलं असतं.

दुसऱ्याचा कोड चिकटवू नका, असं मी म्हणत नाही.
सगळेच चिकटवतात. सरसुद्धा.
पण एकदा आपल्या बोटांनी उतरवून काढा,
एक आकडा मुद्दाम बिघडवा,
बघा काय कोसळतं.
माझ्या भावाने स्कूटरचा कार्बुरेटर तीनदा खोलला,
दोनदा एक स्क्रू हातात उरला.
आज मंगेशीच्या वळणावर त्याचं गॅरेज आहे.

आणि ती तुमची फायलींची नावं!
फायनल, नवा फायनल, खरोखरचा फायनल.
एका जूनमध्ये वीज कडाडली
आणि तिन्ही फायनल एकाच मशीनमध्ये जळाले.
दिवसाचं काम दिवसाला दुसरीकडे ठेवावं,
सोबत एक ओळ लिहावी, आज काय बदललं.
चार महिन्यांनी तुम्हीच तिथे परक्यासारखे येता.

सुलक्षा वेरेंकरचं सांगायचं राहिलं.
बांदोड्याची. गप्प मुलगी, मागच्या मशीनवर बसायची.
दुसऱ्या वर्षाला तिने कायतान पोदेराचा हिशेब बांधला :
कुणाच्या दारात किती उंडे, किती पोई,
महिन्याकाठी कोण किती देणं लागतो.
ह्या स्क्रीनवर सुरेख चालायचा.
बाहेर मात्र रोज वीस-बावीस पाव कमी भरत.
आठ दिवस ती कंस मोजत बसली.
मी म्हटलं, उंदीर असेल.

नवव्या दिवशी पहाटे पाचला
त्याच्या सायकलमागून स्कूटी घेऊन निघाली.
पों-पों, पहिलं दार. पों-पों, दुसरं.
खानावळीपाशी कायतानने डझन मोजले
आणि प्रत्येक डझनामागे, न बघता, एक वर टाकला.
"हो खंयचो?"
"तो वयलो," म्हणाला, "म्हजो बापूयय दितालो."
वहीत तो कधीच नव्हता.
कुणी वहीत लिहावा असाही नव्हता.

सुलक्षाने त्या दुपारी एकच नवी ओळ घातली
आणि त्या आकड्याचं नाव ठेवलं, वयलो.
क्ष ठेवलं असतं
तर मला आज काय आठवणार होतं?

गुण बेताचेच पडले, यादीतला विषय नव्हता ना.
कायतान मात्र महिनाभर तिच्या दारात
फुकट पोई टाकून गेला,
आणि ती कुठल्या रकान्यात धरायची
यावर पुन्हा दोन संध्याकाळी गेल्या.

तुमच्याही येण्याजाण्याच्या वाटेवर कोणी असेल,
सावईच्या कुळागरात सुपाऱ्या मोजणारी,
बाजारात खडूने दारावर उधारी लिहिणारा.
विचारा, कुठे चुकतं म्हणून.
आधी चहा घ्या, मग विचारा.
काहीतरी लहानसं बांधा, आणि ते त्यांच्या हातात
बंद पडताना उभं राहून बघा.
तेवढं धैर्य मला परीक्षेत कधी दिसलं नाही.

चला, मशीन सुरू करा.
आठाला मी कुलूप लावते.
कंस सापडत आला असेल कुणाचा
तर सव्वाआठ.